दूधवाल्याने वाचवलेली बिअर

पुण्यात एका शनिवारी रात्री आमच्या टेबलावरून एक ग्लास परत जायला निघाला होता. मित्राने 'विट' नावाची बिअर मागवली होती. आली ती फिकट पिवळी, वर जाड पांढरा फेस, आणि आरपार काही दिसेना. त्याने ग्लास दिव्यासमोर धरला, नाक मुरडलं. "गाळायची विसरले वाटतं."

वेटर पोरगा सरावलेला होता. "सर, विट गढूळच असते. स्वच्छ आली तर परत करा."

आम्ही हसलो. पण मित्र जे बोलला तेच विसाव्या शतकात बेल्जियममधली गिऱ्हाइकंही बोलायला लागली होती, आणि ही बिअर मरायचं ते एक कारण होतं. मरायचं म्हणजे खरोखरच मरायचं. ज्या हूगार्डन गावाची ती ओळख, तिथली ती बनवणारी शेवटची ब्रुअरी १९५७ साली बंद पडली. आज पुण्या-बंगळुरात जागेवरच बिअर बनवणाऱ्या बहुतेक ठिकाणी 'बेल्जियन विट' मिळते, याचं श्रेय त्या गावातल्या एका माणसाला जातं. त्याचा धंदा दूध घालायचा होता.

हूगार्डन ब्रुसेल्सच्या पूर्वेला, साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. सुपीक जमीन, गहू आणि साखरेचं बीट. शेजारचं टीनेन तर साखर कारखान्याचं गाव, आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. वस्ती आजही सहा-सात हजारांची. एवढ्याशा गावात अठराव्या शतकात तीसच्या घरात ब्रुअऱ्या होत्या. पाण्यात काही जादू होती म्हणून नव्हे. खरं कारण करात होतं.

त्या काळी बेल्जियम नावाचा देशच नव्हता. आजूबाजूचा सगळा मुलूख ब्राबांटच्या सरदारकीचा, आणि मध्येच बेटासारखं हूगार्डन, जे लिएजच्या बिशपच्या मालकीचं. हा बिशप नुसता धर्मगुरू नव्हता, स्वतःचं राज्य चालवणारा राजाही होता. त्यामुळे ब्राबांटचे कर हूगार्डनच्या वेशीपाशी थांबायचे. गहू तोच, सातू तोच, माणसं तीच, पण बिअर स्वस्त पडायची. ज्याने गुजरातच्या सीमेवरून दमणमध्ये शिरताना दुकानांची रांग पाहिली आहे, त्याला यापुढे समजवायला नको.

फ्रेंच क्रांतीनंतर १७९५ साली फ्रान्सने हा सगळा प्रदेश गिळला. बिशपचं राज्य गेलं आणि त्याबरोबर सवलतही. एकोणिसाव्या शतकात गावात तेरा ब्रुअऱ्या उरल्या होत्या. तरी बिअर टिकली, कारण तोवर लोकांना तिची चव लागली होती.

ती चव कशाची, हे थोडं सावकाश सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरूनच आहेत.

बिअरचं मूळ म्हणजे माल्ट. माल्ट हा शब्द परका वाटला तरी काम आपल्या घरातलं आहे. बाळासाठी नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की पुढे गरम पाण्यात त्यातल्या पिठूळपणाची साखर होते. बिअरसाठी हेच सातूवर करतात, म्हणजे बार्लीवर. मग ते भरडून कोमट-गरम पाण्यात मुरवायचं, गोड पाणी गाळून घ्यायचं, उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, दारू आणि बुडबुडे देतं. यीस्टला आपलं विरजण समजा: गेल्या खेपेतलं थोडं राखून ठेवायचं आणि पुढच्या खेपेत घालायचं. जसं विरजण तसं दही.

हूगार्डनच्या बिअरमध्ये साधारण अर्धा भाग सातूचं माल्ट आणि अर्धा भाग गहू, तोही मोड न आणलेला, कच्चाच. गढूळपणाचं बरंचसं कारण इथे आहे. कच्च्या गव्हातली प्रथिनं आणि पिठाचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. त्यात यीस्टही पूर्ण गाळून काढत नाहीत. उजेडात ते सगळं दुधी दिसतं, म्हणून नाव 'पांढरी बिअर', फ्लेमिश भाषेत 'विटबिअर'. फेस जाड येतो तोही गव्हामुळेच.

मग सगळाच गहू का नाही घालत? यात एक अडचण आहे. सातूच्या दाण्याला टरफल असतं, गव्हाला मळणीनंतर राहत नाही. गोड पाणी गाळताना हीच टरफलं पिंपाच्या तळाशी जाळी धरतात. नुसता गहू घातला तर खाली खळ बसते आणि एक थेंब गळत नाही. निम्मं-निम्मं हे प्रमाण चवीइतकंच गाळणीचंही आहे.

आणि आता मसाला. उकळताना यात दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे वाळवलेली संत्र्याची साल, पण साध्या संत्र्याची नाही. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी संत्री लावली. कोरड्या मातीत फळ इतकं कडू निघालं की खायच्या कामाचं उरलं नाही, पण साल मात्र घमघमीत. पुढे १६३४ साली बेट डचांकडे गेलं आणि साल युरोपच्या बाजारात. बिशपच्या गावातल्या पिंपात पडणारी चिमूट अशी अर्धी पृथ्वी फिरून यायची.

दुसरी गोष्ट म्हणजे धणे. मसाल्याच्या डब्यातले ते धणे! विश्वास बसत नसेल तर चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडा. भाजू नका, कच्चेच. आमटीचा वास येणार नाही. आधी लिंबाच्या सालीसारखा, मग थोडा फुलांसारखा वास येतो. त्यामागे लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य आहे. आपण धणे भाजतो, जिऱ्याच्या सोबतीला घालतो, म्हणून त्यांचा हा चेहरा आपल्याला ठाऊकच नसतो. आपले धणे लांबट आणि मोठे, युरोपातले बारीक, गोल आणि जास्त तेलाचे. तरीही मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून पाच मिनिटं तळहात हुंगत होतो, आणि आई दारातून पाहत होती.

कडवटपणासाठी इतर बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुलं भरपूर घालतात, इथे अगदी थोडी. त्यामुळे ही बिअर हलकी लागते. जुन्या काळी तर ती थोडी आंबूसही असायची, ताजी प्यायची, उन्हाळ्यात चटकन उतरायची. शेतात राबून आलेल्या माणसाचं पेय. आपण उन्हातून आल्यावर ताक मागतो तसं.

ताकासारखी असणं हाच तिचा गुण, आणि पुढे तोच तिच्या मुळावर आला.

१८४२ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्सेन गावात सोनेरी, आरपार दिसणारी बिअर तयार झाली. ती थंडीत सावकाश आंबवायची आणि थंडीतच मुरवायची. तोपर्यंत त्यासाठी तळघरं आणि बर्फ लागायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंड करणारी यंत्रं आली आणि कुठेही, बाराही महिने ती बनवता येऊ लागली. आगगाडीने लांब जायची, नासायची नाही, प्रत्येक बाटली सारखी. शिवाय काचेचे ग्लास स्वस्त झाले होते. मातीच्या मगात गढूळपणा कोणाला दिसतो? काचेत दिसतो. स्वच्छ म्हणजे शहरी आणि शुद्ध, गढूळ म्हणजे गावठी असा हिशेब लोकांच्या डोक्यात बसला.

त्यात पहिलं महायुद्ध आलं. जर्मन फौजांनी बेल्जियमच्या ब्रुअऱ्यांमधली तांब्याची भांडी दारूगोळ्यासाठी उचलून नेली. छोट्या घरच्या ब्रुअरीसाठी तांब्याचं मोठं भांडं म्हणजे अख्खं भांडवल. अनेकांनी पुन्हा चूल पेटवलीच नाही. १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तीन हजारांहून जास्त ब्रुअऱ्या होत्या. दोन युद्धांनंतर त्यातल्या बहुतेकांची नुसती नावं उरली. हूगार्डनमध्ये पांढरी बिअर करणारा शेवटचा टोमसिन. १९५७ साली त्यानेही दार लावलं.

कोणी रडलं नाही. मागणीच नव्हती.

पियेर सेलिस या टोमसिनच्या शेजारी वाढला. जन्म १९२५ चा. लहानपणी ब्रुअरीत जायचा, हाताखाली कामं करायचा. मोठेपणी दुधाच्या धंद्यात पडला. ब्रुअरी बंद पडल्यावर काही वर्षांनी गावातल्या गप्पांमध्ये सूर निघायला लागला की ती आपली पांढरी बिअर आता पुन्हा मिळायची नाही. असं आपण सगळेच म्हणतो. अमक्याच्या हातची भाकरी, तमक्या गल्लीतली भेळ. म्हणतो आणि घरी जातो. सेलिसने घरच्या आवारात, गवत ठेवायच्या माळ्यावर, बिअर करायला घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कागदावर कृती असणं आणि कृती येणं यात फरक आहे. उकळी कधी आली, धणे कधी टाकायचे, वास बदलला म्हणजे काय झालं, हे ज्याने पाहिलं आहे असा माणूस जिवंत असताना ते काम पुन्हा सुरू झालं. नऊ-दहा वर्षांचाच खंड पडला होता. तीस वर्षं गेली असती तर सेलिसही म्हातारा झाला असता आणि आज आपण 'विट' हा शब्द ऐकलाही नसता.

१९६६ साली बिअर विकायला निघाली. नाव 'आउद हूगार्ड्स', म्हणजे जुन्या हूगार्डनची. ब्रुअरीचं नाव 'द क्लाउस', साधूची मठी. आज बाटलीवर १४४५ हे साल असतं, मठातल्या जोगी लोकांची आठवण म्हणून. गावात बिअर शतकानुशतकं होत होती हे खरंच आहे. पण आपल्या हातातली बाटली ज्या धाग्याला बांधलेली आहे तो धागा एकदा तुटला होता आणि १९६६ साली गाठ मारून जोडला, हे लेबलावर कोणी छापत नाही. गाठ दाखवायला कोणाला आवडतं म्हणा.

सत्तरच्या दशकात तरुण पोरांनी ही बिअर उचलली, खास करून विद्यार्थ्यांनी. लूव्हेनचं मोठं विद्यापीठ जवळच. ज्या गढूळपणाची त्यांच्या बापांना लाज वाटायची तोच आता अस्सलपणाची खूण झाला: कारखान्यात गाळून-घासून काढलेलं नाही, नैसर्गिक आहे. द्रव तोच होता, अर्थ फिरला. (आपल्याकडे पॉलिशचा तांदूळ आणि हातसडीचा तांदूळ यांचं जे झालं तेच.) सेलिसने जाड काचेचा षट्कोनी ग्लास पुढे आणला, हातात जड बसणारा, आतली बिअर थंड ठेवणारा. मागणी इतकी वाढली की गावातला लिंबूपाण्याचा जुना कारखाना घेऊन ब्रुअरी तिकडे हलवली.

आणि १९८५ साली तिला आग लागली.

विमा पुरेसा नव्हता. ब्रुअरवर संकट आलं की दुसऱ्यांनी मदतीला धावायचं ही बेल्जियममधली रीत, आणि मदत आलीही. पण मोठी रक्कम आली ती देशातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडून, जी पुढे एकत्रीकरण होऊन इंटरब्रू झाली. त्या पैशातून इमारती घेतल्या, ब्रुअरी पुन्हा उभी राहिली.

असा पैसा देणारा बँकेसारखा नसतो. बँकेला हप्ता मिळाला की पुरे. त्याच धंद्यातला सावकार हप्त्याबरोबर मतही देतो. वितरण त्याच्या हातात, दुकानं त्याच्या ओळखीची, आणि तो सांगतो की चव जरा सौम्य केलीत तर दहापट खपेल, धणे कमी केलेत तर खर्च वाचेल. त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो चूक नसतो. त्याला लाखो लोकांना तीच बाटली विकायची असते. सेलिसचं म्हणणं मात्र असं की या कर्जाच्या जोरावर आपल्यावर कृती बदलायचा दबाव आणला गेला. १९९० च्या सुमारास त्याने ब्रुअरी त्यांनाच विकून टाकली.

वय पासष्ट. आपल्याकडे माणूस या वयात सकाळी फिरायला जाऊन राजकारणावर बोलतो. सेलिस अमेरिकेत टेक्ससला गेला. ऑस्टिन शहराखाली चुनखडीचा दगड आहे आणि तिथलं पाणी हूगार्डनच्या पाण्याशी जुळतं म्हणून त्याने ती जागा निवडली, असं सांगतात. १९९२ मध्ये तिथे नवी ब्रुअरी सुरू झाली. कृती तीच, जुनी. पण बाटलीवर 'हूगार्डन' लिहायची सोय नव्हती, कारण गावाचं नाव त्याने ब्रुअरीबरोबरच विकलं होतं. म्हणून स्वतःचं आडनाव लावलं: 'सेलिस व्हाइट'.

बिअर चालली. मग भांडवल लागलं. मग १९९५ साली मिलर ही अमेरिकेतली बडी कंपनी आली. शेवट तुम्हाला कळला असेलच. काही वर्षांत मिलरने ब्रुअरी बंद केली आणि यंत्रं व नाव मिशिगनमधल्या एका ब्रुअरीला विकलं. आधी गावाचं नाव गेलं होतं, आता आडनावही गेलं. ते परत मिळवायला मुलीला बरीच वर्षं लागली. क्रिस्टीन सेलिसने २०१७ मध्ये ऑस्टिनमध्ये वडिलांच्या नावाची ब्रुअरी पुन्हा उघडली, तेव्हा वडील नव्हते.

या सगळ्यात सेलिसच्या हाती टिकलं ते फक्त त्याचं जाणतेपण, जे विकता येत नव्हतं. ते मात्र पसरलं. १९९५ साली अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये, 'अलागाश' ब्रुअरीने बेल्जियन धर्तीची पांढरी बिअर काढली. त्याच वर्षी कूर्स या बड्या कंपनीनेही संत्र्याची फोड लावलेली आपली 'ब्लू मून' आणली. पुढे ही चव जगभर छोट्या ब्रुअऱ्यांची हुकमी चीज झाली. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात ताजी बिअर जागेवर बनवून विकायचं वारं आलं. ते नावही बघा, नाशिकजवळच्या देवळालीचं गोऱ्या सोल्जरांच्या तोंडात 'डूलाली' झालं होतं, तेच. पिल्सनर कडू लागते, काळी स्टाउट जड लागते, पण विट पहिल्यांदा पिणाऱ्यालाही आवडते. घरच्या धण्यांची ओळख नकळत मदत करत असावी, हा आपला माझा अंदाज.

गावाची गोष्ट मात्र अजून बाकी आहे.

इंटरब्रू वाढत गेली, २००४ मध्ये ब्राझीलच्या कंपनीशी एक होऊन इनबेव्ह झाली. २००५ च्या नोव्हेंबरात तिने जाहीर केलं की हूगार्डनमधला कारखाना बंद करायचा आणि ही बिअर लिएजजवळच्या ज्युपिलच्या मोठ्या कारखान्यात बनवायची. हिशेबाला धरूनच होतं: मोठा कारखाना, कमी खर्च, नाव तर कंपनीच्या खिशातच. हूगार्डनमध्ये लोक रस्त्यावर उतरले. गावाच्या नावाची बिअर गावात होणार नाही, हे त्यांना पचेना. १९५७ साली याच गावात कोणी निषेधाचा फलक धरला नव्हता. मधल्या पन्नास वर्षांत गावाला आपण काय गमावू शकतो हे कळलं होतं.

पण निर्णय नुसत्या मोर्चाने फिरला नसावा. बिअर हलवणं म्हणजे कागद हलवणं नव्हे. यीस्ट जिवंत असतं, त्याला भांडं कळतं. उंच टाकीत तळाशी दाब जास्त पडतो, बुडबुड्यांचा वायू जास्त साठतो, आणि मग यीस्ट फळांसारखे वास कमी सोडतं. पाण्यातले क्षार बदलले की माल्टमधून गोडवा निघायची रीत बदलते. एकच लोणचं, मीठ-मसाला वजनावर मोजून, दोन घरांत घाला आणि पावसाळ्यात दोन्ही बरण्या उघडून बघा. ज्युपिलमध्ये चव जुळवणं जड जात असल्याची चर्चा तेव्हा बरीच झाली. दुसरीकडे परदेशातली मागणी चढत होती. १० सप्टेंबर २००७ रोजी कंपनीने निर्णय मागे घेतला: हूगार्डन हूगार्डनमध्येच बनणार, वर ६ कोटी युरोंची गुंतवणूक. ज्या पाण्या-भांड्यांची किंमत कोणत्याच खात्यात लिहिलेली नव्हती ती अशी वसूल झाली.

सेलिस तोवर गावी परतला होता. मध्ये २००१ साली, वयाच्या शहात्तरीत, फ्रान्सच्या सीमेलगत वाटू नावाच्या खेड्यातल्या 'सेंट बर्नार्डस' ब्रुअरीत त्याने आणखी एका पांढऱ्या बिअरची कृती बसवून दिली होती. ९ एप्रिल २०११ रोजी तो हूगार्डनमध्येच वारला. वाटूची ती बिअर आजही मिळते. बाटलीवर हूगार्डन नाही.

आमच्या मित्राचा ग्लास शेवटी परत गेला नाही. त्याने एक घोट घेतला, थांबला, आणखी एक घेतला. "यात काहीतरी ओळखीचं आहे रे," म्हणाला. मी त्याला धण्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "चल, काहीही."